खवट तूप

मंगळवारी दुपारी अनंतनं खवट तूप खाल्लं, आणि तेव्हापासून सुमतीबाईंचं कशात लक्ष लागेना.

तूप सुनेच्या, प्रेमलतेच्या, हातून वाढलं गेलं होतं. फळीवर मागे सरकून विसरली गेलेली एक बरणी होती. तिनं ताजी समजून तीच घेतली. चुलीपाशी बसलेल्या सुमतीबाईंना दर्प आला. "अगं, थांब," म्हणेपर्यंत अनंतनं भात कालवलासुद्धा. पहिला घास, दुसरा घास. मग नेहमीसारखं, "वरण छान झालंय," म्हणाला आणि ताक मागितलं.

प्रेमलतेनं जीभ चावली. तिला वाटलं, नवऱ्यानं आपली लाज राखली. सुमतीबाईंना तसं वाटलं नाही. बत्तीस वर्षं त्यांनी या मुलाला जेवायला वाढलं होतं. पाच वर्षांचा असताना तो दारातूनच ओरडायचा, "आई, आज तूप जुनं आहे, मी नाही जेवत!" आणि आता तर तो तेलातुपाच्या शास्त्राचाच मास्तर होता. चरबी खवट का होते हे तो मुलांना वर्षाला दीड महिना शिकवत असे. असा माणूस नासलेलं तूप मुकाट्यानं गिळतो, तो बायकोवरच्या मायेपोटी नव्हे. त्याला ते कळलंच नव्हतं.

अनंत मोहरीलचं नाक हे नागपुरात, निदान लकडगंजच्या तेलबाजारात, एक प्रस्थ होतं. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवून तो मुंबईला केमिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि परत आल्यावर सुरुवातीला एका तेलगिरणीत लागला. तिथं त्याचं नाव झालं. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, दुसऱ्या हातानं चोळायचे, हात नाकाशी न्यायचा आणि सांगायचं: जवसाच्या तेलात सरकीचं मिसळलंय, रुपयात दोन आणे. मग तो प्रयोगशाळेत जाऊन तेच आकड्यांनी सिद्ध करायचा. पण व्यापाऱ्यांना आकड्यांची गरज नसे. "मोहरीलसाहेब, कागद राहू द्या, नाक लावा," असं म्हणत ते गाद्यांवरून उठून उभे राहत. शेठ ताराचंदांनी लकडगंजच्या टोकाला आपल्या नावाचं तंत्रविद्यालय काढलं, तेव्हा पहिला अध्यापक म्हणून त्यालाच उचललं. शेठजी म्हणत, "रिपोर्ट तो बाजार में मिलता है. नाक नहीं मिलती."

अनंतला ही कीर्ती आवडत नसे. तो वर्गात उलटंच शिकवायचा. नाकावर विसंबू नका, मोजा. नाक थकतं, सर्दी होते, नाक खोटं बोलतं. मुलं वहीत लिहून घेत, आणि पुन्हा बाटल्या घेऊन त्याच्याचकडे येत.

एकोणचाळीस साली त्याला विलायतेला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली. बोट ऑक्टोबरात होती. त्याचे वडील भैयाजी, सेक्रेटरिएटमधले कारकून, तेव्हा हयात होते. त्यांनी पोराला गरम सूट शिवून घेतला. सप्टेंबरात लढाई लागली. सूट ट्रंकेत गेला, पुढल्या वर्षी भैयाजी गेले, आणि लढाई संपून नवी यादी निघाली तेव्हा अनंत वयाच्या अटीत बसेना. परदेशाची डॉक्टरेट नाही, म्हणून कायम प्रोफेसर नाही. जुना विभागप्रमुख एक्केचाळीस साली सोडून गेल्यावर त्याची खुर्ची अनंतला दिली, पण दारावरच्या पाटीत नावापुढे कंसात शब्द आला: हंगामी.

"हंगाम म्हणजे तीन महिने, फार तर चार," सुमतीबाई म्हणाल्या होत्या. "हे कुठलं पीक काढून राहिले आहेत तुझे प्रिन्सिपॉल?"

तेव्हा तो हसला होता. सहा वर्षं झाली. सहा वर्षं तो विभाग चालवत होता आणि प्रत्येक सहीखाली तो शब्द लिहीत होता.

प्रिन्सिपॉल डॉ. हिवरखेडकर विलायतेहून डॉक्टर होऊन आलेले. लढाईच्या काळात सरकारी खात्यासाठी जवसाच्या तेलाचं एक वॉर्निश तयार झालं. ते उकळलं अनंतनं, दोन उन्हाळे, पत्र्याच्या छपराखाली. निबंध छापून आला तो डॉक्टरांच्या नावानं. शेवटच्या ओळीत 'श्री. मोहरील यांच्या साहाय्याबद्दल' आभार. सुमतीबाईंनी ती ओळ वाचली. लग्नानंतर नवऱ्याच्या हट्टानं त्या इंटरपर्यंत कॉलेजात गेल्या होत्या. इंग्रजी त्यांना चांगलं समजत असे. साहाय्य या शब्दाला तिथं जो अर्थ होता तोही समजला.

आणि ते कपाट. वाफा वर ओढून बाहेर टाकणारं, काचेच्या सरकत्या दाराचं एक कपाट असतं. उग्र द्रव्यांचं काम त्यात हात घालून करायचं असतं. अनंतनं ते पहिल्याच वर्षी मागितलं. मंजूर झालं. सागवानही आलं. मग डॉक्टरांना खोलीत मानपत्रं आणि ढाली ठेवायला काचेचं कपाट हवं होतं, सुतार जागेवरच होता, आणि लढाईच्या दिवसांत दुसरं सागवान मिळत नव्हतं. वाफा ओढायचा पंखा डॉक्टरांच्या खोलीच्या खिडकीत बसला. अनंतनं पुढची सगळी वर्षं उघड्या टेबलावर काम केलं. संध्याकाळी घरी येई तेव्हा डोळे लाल असत आणि कोटाला एक गोडसर, जड वास येई. सुमतीबाई तो कोट वेगळा धूत.

आता, फेब्रुवारी सत्तेचाळीसमध्ये, जागा कायम भरायचं ठरलं होतं. शनिवारी बैठक होती. शेठ ताराचंद स्वतः येणार होते, आणि त्यांच्यासमोर नवं यंत्र चालू करायचं होतं. घाण्यातून निघालेल्या पेंडीत तेल उरतं, ते बेंझीननं धुऊन काढायचं भलंमोठं बंद भांडं. असं यंत्र या भागात दुसरं नव्हतं. त्याचा नकाशा अनंतचा होता, आणि या वेळी तो कागद त्यानं कुणाच्या हाती दिला नव्हता. यंत्र चाललं की त्या कंसातला शब्द जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रेमलतेनं प्रोफेसरांच्या बंगल्याच्या अंगणात कुठं तुळस लावायची हेही ठरवून ठेवलं होतं.

आणि अशात ते तूप.

गुरुवारी सकाळी नत्थूजी आला. नत्थूजी प्रयोगशाळेतला शिपाई. पहिल्या दिवसापासून अनंतच्या हाताखाली. अनंत कामावर गेल्याची खात्री करूनच तो फाटकातून आत आला असावा. हातात लाखोळीच्या डाळीची पिशवी होती.

"पाया पडतो, बाईसाहेब. काल माही नोकरी सरली जी. आता मौद्याले जातो पोराकडे."

"सरली? एवढ्यात? शनिवारी यंत्र चालू व्हायचंय ना?"

"तेच तं. साहेबानं अर्ज केला होता, महिनाभर ठेवा म्हनून. डाक्टरसाहेब म्हनाले, म्हाताऱ्याचं काय काम." पिशवी खाली ठेवून तो पायरीवर बसला. बराच वेळ पिशवीचं तोंड बांधत आणि सोडत राहिला. "बाईसाहेब, तुमाले ठाऊक हाय का नाही, तेच मले समजून नाही राहिलं."

"काय?"

"साहेबाचं नाक गेलं जी. दोन साल होत आले."

सुमतीबाईंना ऐकून आश्चर्य वाटलं नाही, याचंच भय वाटलं.

"कसाच वास नाही येत त्यायले," नत्थूजी म्हणाला. "एक दिवस बाटली नाकापाशी धरून उभे राहिले. पोट्टे पाहून राहिले. साहेब काही बोलेच ना. त्यायच्या तोंडाकडे पाह्यलं अन् मले समजलं. बाटलीत बेंझीन होतं, मले तिथवर वास येऊन राहिला होता. बेंझीननं ठसका लागते तसा मी दोनदा खोकललो. त्यायनं माह्याकडे पाह्यलं. मंग म्हने, बेंझीन."

"आणि मग?"

"मंग काही नाही. त्यायनं मले विचारलं नाही, मी त्यायले सांगतलं नाही. दुसऱ्या दिवशी बाटली माह्या बाजूनं धरली, बस. एकदा खोकललो का बराबर हाय. दोनदा खोकललो का बेंझीन सुटलं." त्याला थोडं हसू आलं. "हेडक्लार्क म्हने, नत्थू, तुले टीबी होऊन राहिला, दवाखान्यात जाय. दोन साल झाले, बाईसाहेब. मले एकदाबी सर्दी नाही झाली. होऊच देली नाही."

नत्थूजी उठला.

"त्या नव्या भांड्याच्या झाकनाचा पट्टा नीट बसत नाही जी. मी सोमवारी दोनदा खोकललो तं त्यायनं कसून घेतला. आता शनवारी कोन खोकलन? अठरा पोट्टे उभे राहतात भवताल. अन् बाजूच्याच खोलीत बॉयलरची भट्टी. बेंझीन पेट्रोलासारखं भडकते जी." त्यानं फाटक लावलं आणि बाहेरून म्हणाला, "मी सांगतलं म्हनून सांगू नका त्यायले."

सांगावं लागलंच नाही. संध्याकाळी अनंत आला, त्यानं ओट्यावरची पिशवी पाहिली आणि जागीच थांबला.

"नत्थूजी आला होता."

"हो."

"काय म्हणाला?"

"दोन वर्षं झाली म्हणाला."

अनंत पाटावर बसला. प्रेमलता आतून पाणी घेऊन आली, दोघांची तोंडं पाहिली आणि तांब्या ठेवून दारातच उभी राहिली.

"दोन वर्षं आणि तीन महिने," तो म्हणाला. "नत्थूजीला आधीचे तीन महिने माहीत नाहीत. आधी धणे गेले. मग रॉकेल. मग सगळंच. तू रोज जे वाढतेस ना आई, त्यातलं मीठ कळतं, तिखट कळतं. बाकी सगळी लापशी. वरण छान झालंय म्हणतो, ते तू विचारायच्या आत म्हणतो."

"मंगळवारी तूप खवट होतं."

"असेल." क्षणभरानं तो हसला, पण त्या हसण्यानं सुमतीबाईंना बरं वाटलं नाही. "शेठ ताराचंद तंत्रविद्यालय, तेल विभाग, प्रमुख, हंगामी. नाक कायमचं गेलं. तेवढं एकच माझं कायम झालं बघ."

"डॉक्टरांना सांगून टाक."

"सांगू? त्यांच्या खोलीत? तिथं माझं कपाट आहे, आई. माझ्या कपाटात त्यांच्या ढाली आहेत आणि माझा पंखा त्यांना वारा घालून राहिला आहे. त्यांना सांगू की तुमच्या ढालींपायी माझं नाक गेलं? ते काय म्हणतील ऐकायचंय? 'मोहरील, फार वाईट झालं. आता तुम्हाला या कामाचा त्रास नको.' लगेच मंडळाला पत्र. त्यांचा भाचा मँचेस्टरहून मे महिन्यात येतोय."

"ते कळलं मला. पण बेंझीन?"

"झाकण मी स्वतः तपासलंय. आज दुपारीच. गळत नाही."

"कशावरून?"

"वास नव्हता," अनंत म्हणाला.

ते शब्द त्यालाही ऐकू आले.

"सवय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तसं नव्हे. दाब धरून ठेवतंय भांडं. काट्यावर पाहिलंय मी."

"आणि गळालं तर तुझी मुलं सांगतील तुला? वास येतो म्हणून?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. लकडगंजचं नाक समोर उभं असताना, सर वास नाही म्हणत असताना, दुसऱ्या वर्षाचा मुलगा तोंड उघडून येतो म्हणेल कसा? त्याला वाटेल आपलंच नाक बिघडलं.

"आई, शनिवार संध्याकाळपर्यंत," शेवटी अनंत म्हणाला. "यंत्र एकदाच चालेल, अर्धा तास. बैठक होऊ दे. नेमणूक हातात पडली की रविवारी मीच जाऊन सांगतो. म्हणेन, मला पट्टे तपासायला ठेवू नका, वर्ग द्या, नकाशे द्या. कायम माणसाला काढता येत नाही. हंगामी माणसाला येतं. तू कुणाला काही बोलणार नाहीस. शब्द दे."

दारातून प्रेमलता म्हणाली, "द्या ना, आई. एवढी वर्षं थांबलो आपण."

सुमतीबाईंनी शब्द दिला. त्यांनी तो अनंतच्या आग्रहासाठी दिला असं पुढे स्वतःला समजावता आलं नसतं. त्यांनाही तो कंस पुसलेला पाहायचा होता. विलायतेचा सूट अजून ट्रंकेत होता. दर दसऱ्याला त्या तो उन्हात घालत.

शनिवारी अनंत नऊ वाजता निघाला. काळा कोट, इस्त्रीचा. आईच्या पाया पडला आणि सायकल काढता काढता म्हणाला, "अकराला सुरू करतोय. साडेअकरापर्यंत देव पाण्यात ठेवायचे तर ठेव." प्रेमलता हसली. सुमतीबाईंनाही हसल्यासारखं करावं लागलं.

दहा वाजता त्या धुणं गोळा करायला त्याच्या खोलीत गेल्या. कामाचा खाकी कोट खुंटीवर नव्हता. खुंटीला मेणकापडाची पिशवी होती, गळ्याशी दोरीनं आवळलेली. काल अंधार पडल्यावर अनंत आला तेव्हा धुवायचा कोट त्यात घालून आणला होता. दोरी सोडली मात्र, आणि त्या मागे सरकल्या.

गोडसर, जड वास. सहा वर्षांच्या धुण्यातून ओळखीचा, पण इतका कधीच नाही. हातांशी, छातीशी, झाकण कसताना माणूस वाकतो तिथं तिथं कोट त्या वासानं भिजला होता. खिशात पुसायच्या सुताचा बोळा होता. तो उचलताच डोळ्यांत पाणी आलं. काल दिवसभर तो त्या झाकणावर वाकून काम करत होता. झाकण गळत होतं. त्याच्या तोंडावर गळत होतं, आणि तो काट्याकडे पाहत होता.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. धरमपेठेतून लकडगंज म्हणजे शहराचं हे टोक आणि ते टोक. टांगा मिळून, बाजारातल्या बैलगाड्यांतून वाट काढत पोचायला तास कुठं जाईल कळणार नाही. शेजारच्या बंगल्यात गोपाळराव वकिलांकडे टेलिफोन होता. विद्यालयातही एकच होता, प्रिन्सिपॉलांच्या टेबलावर. त्या काचेच्या कपाटाशेजारी.

कोट हातात घेऊन त्या बाहेर आल्या. प्रेमलतेनं दुरूनच नाकाला पदर लावला, आणि मग तिचा चेहरा उतरला.

"कुठं चाललात?"

"गोपाळरावांकडे."

"आई, नका हो. नाहीतर मग एवढंच सांगा ना, की पट्टा गळतोय. नत्थूजी जाता जाता बोलून गेला म्हणा. बाकीचं कशाला?"

सुमतीबाईंना तो विचार सुचला नव्हता असं नाही. खोलीतून ओसरीपर्यंत येताना त्यांनी तो पुरता करून पाहिला होता.

"मी सांगितलं, पट्टा गळतोय. मग डॉक्टर काय करतील, प्रेमा? अनंतलाच बोलावतील. शेठजींसमोर म्हणतील, मोहरील, जरा बघा बरं, वास येतोय का. तो वाकेल. मान हलवून म्हणेल, नाही. काटा दाखवील. आणि सगळे त्याचं ऐकतील. अख्ख्या नागपुरात एकाच माणसाच्या नाकावर विश्वास आहे लोकांचा. त्यांना ते नाक गेलंय हे सांगितल्याशिवाय ती भट्टी कुणी विझवणार नाही."

"पण ते तुम्हाला कधी—"

"नाही करणार माफ."

प्रेमलता रडू लागली. रडता रडता म्हणाली, "रविवारी स्वतःच सांगणार होते ते." सुमतीबाईंना तिचा राग आला नाही. त्यांच्याही मनात तेच वाक्य गुरुवारपासून फिरत होतं आणि त्याच वाक्यानं त्यांना दोन दिवस गप्प बसवलं होतं.

दोन अंगणांमधल्या काट्यांच्या वईतून जाताना त्या तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होत्या. डॉक्टरसाहेब, मी अनंत मोहरीलची आई. डॉक्टरसाहेब, एक विनंती. नाही, विनंती नाही. त्या माणसाला विनंती करायची नाही. तो ऐकून घेईल, आवाजात दया आणील, आणि मे महिन्यात मँचेस्टरचा भाचा येऊन त्या खुर्चीवर बसेल. त्याच्या पाटीवर कंस नसेल. हे सगळं होणार होतं. नक्की होणार होतं. कपाटाबद्दलही सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. आधी भट्टीचं, मग नाकाचं, मग कपाटाचं. शेठजी त्याच खोलीत बसले असतील तर तेही ऐकू देत.

गोपाळराव कचेरीला निघाले होते, अंगात अर्धा कोट. खाकी कोट उराशी धरून आलेल्या सुमतीबाईंना पाहून ते दचकले.

"काय झालं, वहिनी? अन् हा वास कसला?"

"तुम्हाला येतोय ना? तेच झालंय," त्या म्हणाल्या. "मला टेलिफोन करायचाय."

त्यांनी रिसीव्हर उचलला. पलीकडून एक्स्चेंजवरच्या माणसानं कंटाळलेल्या आवाजात नंबर विचारला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा वाजून गेले होते. सुमतीबाईंनी ताराचंद तंत्रविद्यालयाचा नंबर सांगितला, आणि लागेपर्यंत लाइन तोडू नका, हे पुन्हा पुन्हा सांगितलं.